परसातली टाकी

नवे घर बांधून झाले म्हणजे वास्तुशांत होते, आप्तेष्ट जमतात आणि यजमान मोठ्या हौसेने पाहुण्यांना घर दाखवीत हिंडतो. दिवाणखान्याची फरशी कोठून आणली, देवघराला लाकूड कोणते वापरले, गच्चीवर उभे राहिले म्हणजे वारा कसा येतो, हे सारे तो कौतुकाने सांगतो. परंतु परसात, जमिनीशी सपाट बसविलेली जी एक सिमेंटची लादी असते, तिच्यापाशी तो कोणालाही नेत नाही. त्या लादीखाली सेप्टिक टाकी असते. दाराच्या कड्या-कोयंड्यांसाठी ज्याने चार दुकाने पालथी घातली, त्याने ही टाकी मात्र गवंड्याच्या मर्जीवर सोपविलेली असते. ती किती लांब, किती खोल, तिच्यातून पाणी कोठे जाते, असे कोणी विचारलेच तर तो एवढेच सांगतो, “चांगली मोठी आहे. वीस वर्षे पाहायला नको.”

वीस वर्षे पाहायला नको, हा त्या टाकीचा गुण समजला जातो. वस्तुतः जी टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही, तिची तारीफ करण्याऐवजी चौकशी करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. तिच्यात पडलेला मैला कोठे तरी गेलेला आहे, हे निश्चित. तो कोठे गेला, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न काही थोड्या घरांपुरता नाही. २०११ सालच्या जनगणनेत आपल्या देशातील शहरी कुटुंबांपैकी शेकडा ३२.७ कुटुंबांचे शौचालय गटाराच्या भूमिगत नळाला जोडलेले आढळले, तर शेकडा ३८.२ कुटुंबांचे शौचालय सेप्टिक टाकीला. म्हणजे शहरांतूनसुद्धा नगरपालिकेच्या गटारापेक्षा परसातल्या टाकीवर भिस्त असलेली घरेच अधिक होती. खेडोपाडी तर भूमिगत गटार हा अपवादच. इतकी माणसे ज्या व्यवस्थेवर रोज सकाळी विसंबून असतात, तिची ओळख करून घेणे अगदीच अनाठायी होणार नाही.

या टाकीचा जन्म फ्रान्समध्ये झाला. वेसूल नावाच्या गावी झाँ-लुई मूरास या गृहस्थाने १८६०च्या सुमारास आपल्या घराचा मैला एका बंद हौदात सोडण्याची सोय केली. बऱ्याच वर्षांनी हौद उघडून पाहिला, तेव्हा तो मैल्याने गच्च भरलेला असेल या अपेक्षेच्या उलट त्यात बहुतांशी पाणीच आढळले. १८८१ मध्ये त्याने या युक्तीचे एकस्व मिळविले. पुढे इंग्लंडमधील एक्झिटर शहराचे अभियंते डोनाल्ड कॅमेरून यांनी १८९५च्या सुमारास अशीच मोठी बंद टाकी शहराच्या सांडपाण्यासाठी बांधली आणि तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. ‘सेप्टिक’ या शब्दाचे मूळ ग्रीक आहे व त्याचा अर्थ कुजविणारा असा आहे. मुंबईलाही या विद्येचा परिचय लवकरच झाला. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७च्या सुमारास अशा टाक्यांतून निघणारा वायू साठवून त्यावर यंत्र चालविण्याचे प्रयोग झाल्याची नोंद आहे.

मूरासच्या हौदात मैल्याचे पाणी झाले, ते कशाने? येथे चमत्कार काही नाही. शौचालयातून आलेले पाणी टाकीत शिरले की त्याचा वेग मंदावतो. वेग मंदावला की जड पदार्थ खाली बसतात आणि तेल, तूप, साबण यांसारखे हलके पदार्थ वर तरंगतात. अशा रीतीने टाकीत तीन थर होतात. तळाशी गाळ, वर दुधावरच्या सायीसारखा जाड तवंग आणि या दोहोंच्या मध्ये पुष्कळसे निवळलेले पाणी. टाकीतून बाहेर पडण्याचा अधिकार या मधल्या पाण्यालाच असतो. म्हणून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळाला टाकीच्या आत इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा तोटा बसवितात. त्याचे खालचे तोंड पाण्यात बुडालेले असते. आत येणाऱ्या पाण्याचा लोट त्यामुळे सरळ पलीकडच्या टोकाला धावत नाही आणि बाहेर जाणारे पाणी तवंगाच्या खालून व गाळाच्या वरून उचलले जाते. बऱ्याच टाक्यांत एक आडभिंत घालून दोन कप्पे करतात. पहिला कप्पा टाकीच्या दोन तृतीयांश असतो. पहिल्यातून निसटलेला गाळ दुसऱ्यात अडकावा, हा त्यातील हेतू.

तळाच्या गाळावर डोळ्यांना न दिसणारे जंतू काम करीत असतात. त्यांना हवेतील प्राणवायू लागत नाही, नव्हे तो सोसतच नाही. ते मैला खाऊन त्याचे पाणी, वायू आणि थोडासा काळा अवशेष असे रूपांतर करतात. निघणाऱ्या वायूंत मिथेन असतो, कार्बन डायॉक्साइड असतो आणि सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइडही असतो. त्यांना वाट देण्यासाठी टाकीतून एक नळी घराच्या छपरापेक्षा उंच नेलेली असते. नव्या टाकीत या जंतूंची वस्ती लवकर व्हावी, म्हणून ती आधी पाण्याने भरून तीत जुन्या टाकीतला थोडा कुजलेला गाळ टाकण्याची शिफारस भारतीय मानक संहितेने केली आहे. तो न मिळाल्यास कुजलेले शेण थोडे टाकले तरी चालते. दह्याला विरजण लावावे, त्यातलाच हा प्रकार आहे.

मात्र हे जंतू सर्व काही पचवू शकत नाहीत. कितीही कुजले तरी काही अवशेष उरतोच, आणि तो वर्षानुवर्षे तळाशी साचत जातो. याचा हिशेब अवघड नाही. पाच माणसांच्या घरासाठी साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर, एवढी टाकी घेतली, तर तीत सव्वाअकराशे लिटर पाणी मावते. माणशी वर्षाला चाळीस लिटर गाळ साचतो असे धरल्यास पाच माणसांचा दोनशे लिटर झाला. दुसरे वर्ष उलटता उलटता टाकीचा एक तृतीयांश भाग गाळाने व्यापलेला असतो. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी, असे जे जाणकार सांगतात, ते या हिशेबावरून. त्यात कोणाची मर्जी किंवा पैसे काढण्याची युक्ती नाही.

आता उपसलीच नाही, तर काय होते? घरातून दिवसाला पाचशे लिटर पाणी टाकीत येत असेल, तर रिकाम्या टाकीत ते दोन दिवसांहून थोडे अधिक थांबते. निम्मी टाकी गाळाने भरली की एकच दिवस थांबते. तीन चतुर्थांश भरली की जेमतेम अर्धा दिवस. निवळायला वेळच न मिळाल्यामुळे मैला जसा येतो तसाच बाहेर पडू लागतो. गंमत अशी की घरातल्या माणसाला याचा पत्ता लागत नाही. शौचालयातले पाणी सुरळीत जाते, घराला वास येत नाही, सर्व ठीक आहे असे वाटते. घरातले पाणी तुंबते, ते फार पुढे. त्याच्या कितीतरी आधी टाकी निकामी झालेली असते आणि तिचे परिणाम शेजारी भोगीत असतात.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. टाकीतून निघालेले पाणी निवळ दिसले, तरी ते शुद्ध नसते. टाकी घन पदार्थ अडविते, रोगजंतू अडवीत नाही. विषमज्वर, पटकी, कावीळ यांचे बीज त्या पाण्यात असू शकते. ते पाणी खऱ्या अर्थाने स्वच्छ होते ते मातीत. म्हणून टाकीनंतर शोषखड्डा किंवा जमिनीखाली पसरलेले झिरपनळ हवेत. मातीच्या कणांत हवा असते, तेथे प्राणवायूवर जगणारे दुसरे जंतू असतात. पाणी हळूहळू झिरपताना ते उरलेले काम पुरे करतात. टाकी ही या व्यवस्थेचा पूर्वार्ध आहे आणि माती उत्तरार्ध. आपल्याकडे असंख्य घरांनी पूर्वार्ध बांधला आणि उत्तरार्ध गाळला. टाकीचा नळ सरळ रस्त्याकडेच्या उघड्या गटारात सोडला की खर्च वाचतो, जागाही वाचते. मग त्याच गटारात मुलांचा चेंडू पडतो.

जेथे शोषखड्डा आहे, तेथेही जमिनीचा स्वभाव पाहावा लागतो. विदर्भ-मराठवाड्यातील काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि पाणी जिरू देत नाही. अशा जमिनीत खोदलेला खड्डा ज्येष्ठात चांगला चालतो व श्रावणात भरून वाहतो. कोकणात उलटा प्रकार. जांभ्याच्या भेगांतून पाणी इतके झरझर उतरते की मातीला ते गाळायला अवसरच मिळत नाही, आणि खालच्या अंगाला शेजाऱ्याची विहीर असते. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर अंतर राखावे, असे मानक संहिता सांगते. शहरातल्या तीस फुटी भूखंडावर घर, विहीर आणि टाकी तिन्ही बसवायची म्हटल्यावर हे अंतर कोणाला आठवणार? पावसाळ्यात भूजल वर येते तेथे आणखी एक संकट असते. भर पावसात टाकी पूर्ण उपसली, तर रिकाम्या होडीसारखी ती जमिनीतून वर उचलली जाऊन नळ तुटण्याचा संभव असतो.

टाक्या बिघडण्याची बाकीची कारणे बव्हंशी माणसाच्या हातची आहेत. पुष्कळ ठिकाणी टाकी म्हणून जे बांधतात, त्याला तळच नसतो. चार भिंती उभ्या करून खाली जमीन उघडी ठेवतात. पाणी आणि त्याबरोबर मैला जमिनीत मुरत राहतो, टाकी भरत नाही, आणि मालक तिची वाखाणणी करतो. “वीस वर्षे पाहायला नको” या वाक्याचे रहस्य पुष्कळदा हेच असते. काही ठिकाणी पन्हाळाचे पाणी टाकीत सोडतात. मग पहिल्याच मोठ्या सरीबरोबर साचलेला गाळ ढवळून बाहेर पडतो. स्वयंपाकघरातील तेलकट पाणी तवंग वाढविते. बाळांचे लंगोट, प्लॅस्टिकच्या पिशव्या, केसांचे गुंतवळ आत गेले की तोटा बंद होतो. शौचालय चकचकीत दिसावे म्हणून तीव्र आम्ल आणि जंतुनाशके रोज ओतली की ज्या जंतूंच्या जिवावर टाकी चालते तेच मरतात. घराच्या मागे पेरू किंवा उंबर असेल, तर त्याची मुळे पाण्याच्या ओढीने नळाच्या सांध्यात शिरतात. आणि सर्वांत सामान्य चूक म्हणजे टाकीच्या झाकणावर फरशी बसविणे. अंगण सुंदर दिसते, परंतु पुढे टाकी उघडायची वेळ आली म्हणजे ती नेमकी कोठे आहे, हे सांगणारा वडीलमाणूस हयात नसतो. बाजारात टाकी साफ करणारी म्हणून भुकट्या मिळतात. साचलेला गाळ त्यांनी नाहीसा होत नाही. उपसण्याला पर्याय नाही.

इतके सगळे झाल्यावर एक दिवस मोरीतून पाणी उलटे येते. बहुधा घरात लग्नाचे पाहुणे असतात. धावाधाव होते. गाडी बोलवावी तर गल्ली अरुंद, किंवा पैसे जास्त पडतात. मग कोणीतरी म्हणतो, वस्तीतला एक माणूस आहे, तो उतरतो. तो येतो. झाकण निघते. तो उतरतो.

परसातल्या टाकीची खरी भीषणता येथे आहे. साचलेला गाळ पायाने ढवळला की त्यात कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम मोकळा होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशीच राहतो. थोडा असेपर्यंत त्याला घाण वास येतो, फार झाला म्हणजे तो वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. “आता वास येत नाही” असे उतरलेला माणूस म्हणतो, तो क्षण सुरक्षिततेचा नसून मृत्यूचा असू शकतो. त्यातच आत प्राणवायू कमी. एक माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्या मागून तिसरा. एकाच टाकीत दोघे-तिघे, पुष्कळदा भाऊ किंवा बापलेक, गेल्याच्या बातम्या दरवर्षी वृत्तपत्रांत येतात. बातमी चार ओळींची असते. टाकी कोणी बांधली, किती वर्षे उपसली नव्हती, झाकणावर फरशी कोणी बसविली, हे त्या चार ओळींत नसते.

कायद्याने या गोष्टीची दखल घेतली आहे. २०१३ सालच्या अधिनियमाने संरक्षक साधनांवाचून कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत सफाईसाठी उतरविणे हा गुन्हा ठरविला. प्रथम अपराधालाही दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूंबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाखांवर नेली. परंतु भरपाई मृत्यूनंतर मिळते. मृत्यू टाळणे कायद्याइतकेच घरमालकाच्या हाती आहे. ज्या घराने दर तीन वर्षांनी यंत्राची गाडी बोलावून टाकी उपसून घेतली, त्या घराच्या टाकीत कोणाला उतरण्याचे कारणच पडत नाही.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना अप्पासाहेब पटवर्धनांचे स्मरण होणे साहजिक आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे, अशी मागणी केली. तुरुंगाच्या नियमांत ते काम जातीवरून ठरत होते आणि उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या कैद्याला ते नाकारण्यात आले. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी त्या डिसेंबरात उपोषण आरंभले. सरकारला विचार करण्याचे आश्वासन द्यावे लागले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणाऱ्या सोप्या संडासांचे प्रयोग केले. आपला मैला दुसऱ्याने उचलावा आणि त्यासाठी त्याला हलका मानावे, यातला अन्याय त्यांना सहन होत नव्हता. डोक्यावरची पाटी गेली आणि टाकी आली. तथापि टाकीत माणूस उतरत असेल, तर अन्यायाने केवळ जागा बदलली, असेच म्हणावे लागेल.

सुदैवाने मार्ग सापडलेला आहे, आणि तो आपल्याच देशात सापडलेला आहे. सातारा जिल्ह्यातील वाई व नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या गावांनी २०१८ च्या सुमारास एक नवा पायंडा पाडला. घर तुंबण्याची वाट न पाहता नगरपालिकेनेच वॉर्डावार क्रम लावावा, गाडी दाराशी पाठवावी आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसावी. उपसलेला मैला ओढ्यात किंवा माळावर न ओतता शुद्धीकरण केंद्रावर न्यावा. कर्नाटकात बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळी येथे केवळ टाक्यांतल्या मैल्यासाठी बांधलेले केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. हिमालयाच्या कुशीतल्या लेहमध्येही २०१७ मध्ये असे केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी केंद्र शासनाने या विषयाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. पाण्याची गाडी जशी ठरल्या दिवशी येते, तशी मैल्याची गाडीही ठरल्या दिवशी यावी, इतकी ही साधी कल्पना आहे. तिच्यात दोन लाभ आहेत. गाळ घट्ट होण्यापूर्वीच निघाल्यामुळे यंत्राने तो सहज ओढला जातो, आणि क्रमाने घरे घेतल्याने खर्चही विभागला जातो.

परंतु गाडी दाराशी आली तरी झाकण उघडून देणे गृहस्थाच्याच हाती असते. त्याने फार काही करायचे नाही. नवे घर बांधताना टाकीला पक्का तळ, आत-बाहेरच्या नळांना तोटे, वायूसाठी उंच नळी आणि सहज उघडणारे झाकण, एवढे गवंड्याकडून स्वतः उभे राहून करून घ्यावे. टाकीचे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडावे आणि खड्ड्याची जागा विहिरीपासून दूर पाहावी. टाकी कोठे आहे, केव्हा बांधली आणि शेवटची केव्हा उपसली, हे घराच्या कागदपत्रांत एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. उपसताना विरजणापुरता थोडा गाळ तळाशी राहू द्यावा. झाकण उघडे असता जवळ दिवा-विडी नेऊ नये, मुलांना दूर ठेवावे, आणि कोणी कितीही तयारी दाखविली तरी माणसाला आत उतरू देऊ नये. चुकून कोणी आत पडलाच, तर त्याच्या मागून उडी घेऊ नये. बाहेरूनच दोर टाकावा, अग्निशामक दलाला बोलवावे.

वास्तुशांतीच्या दिवशी यजमानाने पाहुण्यांना परसात न्यावे, असा आग्रह कोणी धरणार नाही. मात्र पाहुणे गेल्यावर, संध्याकाळी निवांतपणी, त्याने स्वतः एकदा त्या लादीपाशी जावे. तिच्यावर फरशी बसविण्याचे मनात असेल तर तो बेत रद्द करावा आणि दिनदर्शिकेवर तीन वर्षांनंतरची एक तारीख मांडून ठेवावी.